व्हॉट ड्रीम्स मे कम: ओल्या रंगातला परलोक

न्यूझीलंडचे दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड यांच्या ‘व्हॉट ड्रीम्स मे कम’ या १९९८ सालच्या चित्रपटाचा नायक सुरुवातीलाच मरतो. त्यानंतर तो डोळे उघडतो तेव्हा एका डोंगरउतारावर फुलांच्या गर्दीत पडलेला असतो. हाताशी आलेले फूल तो धरू पाहतो, तर ते चुरगळत नाही. मुठीत पिळले जाते आणि बोटांच्या फटींतून ओला, दाट रंग ओघळू लागतो. पाऊल टाकावे तर पायाखालची जमीन सरकते, कारण तीही अजून वाळलेली नाही. आपण कुठे आलो आहोत हे त्याला हळूहळू उमगते. त्याची पत्नी चित्रकार आहे, आणि ज्या निसर्गचित्रांवर त्याने जिवंतपणी प्रेम केले त्यांच्यातच तो आता उभा आहे.

परलोक दाखवायचा म्हटले की पडद्यावर पांढरे कपडे, जमिनीलगत सरकणारा धूर आणि कुठून तरी येणारा सोनेरी उजेड एवढीच सामग्री वर्षानुवर्षे वापरली गेली आहे. ती पाहताना हा स्वर्ग कुणाचा, असा प्रश्नच मनात येत नाही, कारण तो कुणाचाच नसतो. वॉर्ड यांच्या चित्रपटातला स्वर्ग मात्र एका विशिष्ट बाईच्या हातचा आहे. त्या बाईचे दुःख, तिचा राग आणि तिने टाकलेले कुंचल्याचे फटकारे यांच्यावर तो अवलंबून आहे. या चित्रपटाच्या दृश्यवैभवाची स्तुती बहुतेक सगळेच करतात, पण ते वैभव कथेवर चढवलेला साज आहे असे समजून करतात. माझे मत नेमके उलट आहे. इथे कथा सांगण्याचे काम रंग करतो, आणि जिथे जिथे पटकथेने ते काम संवादांकडे सोपवले आहे तिथे तिथे चित्रपट उणा पडला आहे. (पुढे कथेचा शेवटही सांगावा लागणार आहे, हे आधीच नमूद करतो.)

कथा थोडक्यात अशी. ख्रिस नील्सन हा बालरोगतज्ज्ञ आणि ॲनी ही चित्रकार स्वित्झर्लंडमधल्या एका सरोवरावर भेटतात, प्रेमात पडतात आणि लग्न करतात. मारी आणि इयन ही त्यांची दोन मुले एका मोटार अपघातात जातात. ॲनी पार कोलमडते, तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागते आणि घटस्फोटापर्यंत आलेला संसार कसाबसा सावरतो. मुलांना जाऊन चार वर्षे होतात न होतात तोच एका बोगद्यातल्या अपघातात जखमींच्या मदतीला धावलेला ख्रिस स्वतःच मरतो. मागे एकटी उरलेली ॲनी आत्महत्या करते. चित्रपटातल्या परलोकाच्या नियमानुसार ती ख्रिसच्या स्वर्गात येऊ शकत नाही, म्हणून ख्रिस स्वर्ग सोडून तिला शोधायला नरकात उतरतो. रॉबिन विल्यम्स ख्रिसच्या आणि ॲनाबेला शिओरा ॲनीच्या भूमिकेत आहेत. परलोकातले वाटाडे म्हणून क्युबा गुडिंग ज्युनियर आणि मॅक्स फॉन सिडो भेटतात. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९७८ सालच्या कादंबरीवरून रॉन बास यांनी पटकथा लिहिली असून चित्रपटाची लांबी ११३ मिनिटे आहे.

वॉर्ड यांचे शिक्षण चित्रकलेचे. क्राइस्टचर्चच्या कलाशाळेतून ते चित्रपटाकडे वळले. रंगाच्या थराला वजन असते, ओलेपणा असतो, तो बोटाला लागतो आणि कपड्यावर डाग पाडतो, हे या दिग्दर्शकाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही, आणि ख्रिसच्या स्वर्गातील पहिल्या दहा मिनिटांत ते प्रत्येक चौकटीत जाणवते. डोंगरकड्यावर पाठमोरा उभा असलेला एकटा माणूस आणि त्याच्या समोर पसरलेले धुके पाहताना कास्पर डेव्हिड फ्रीडरिश यांची जर्मन स्वच्छंदतावादी चित्रे आठवतात. पाण्यावरच्या फुलांत फ्रेंच चित्रकार मोने आहेत, आणि आकाशातल्या जाडसर, वळणदार पट्ट्यांत व्हॅन गॉग. मात्र ही चित्रे नक्कल म्हणून भिंतीवर टांगल्यासारखी येत नाहीत. ॲनीच्या पिढीची कुणीही चित्रकर्ती ज्यांच्याकडे पाहत शिकली असती, अशा थोरांच्या सावल्या तिच्या कामात याव्यात तशा त्या येतात.

हे पडद्यावर कसे उतरवले ते थोडे तपशिलात सांगण्यासारखे आहे, कारण त्या काळी ते सोपे नव्हते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात खऱ्या डोंगर-दऱ्यांत चित्रण झाले. बराचसा भाग फुजी कंपनीच्या वेल्व्हिया या फिल्मवर टिपला गेला. वेल्व्हिया ही निसर्गछायाचित्रकारांची लाडकी फिल्म; तिच्यावर हिरवा आणि लाल रंग प्रत्यक्षाहून गडद उमटतात. आपल्याकडेही डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी जंगलांत आणि हिमालयात फिरणारे छायाचित्रकार ती जपून वापरत असत. चित्रपटासाठी ती क्वचितच वापरली गेली आहे, आणि छायालेखक एदुआर्दो सेरा यांनी ती वापरल्यामुळे संगणकाने रंगाचा एक थेंबही चढवण्याआधीच मूळ चित्रीकरण अर्धे रंगचित्र झालेले होते.

उरलेले अर्धे काम संगणकाचे. हलत्या चित्राला कुंचल्याच्या फटकाऱ्यांचे रूप द्यायचे तर एक मोठी अडचण असते. प्रत्येक चौकटीत फटकारे नव्याने टाकले तर चित्र सतत लुकलुकते. ते एका जागी स्थिर ठेवले तर रंग दृश्याला न लागता मधल्या काचेला लागल्यासारखा दिसतो आणि माणसे त्या काचेमागून चालत आहेत असे वाटते. यावर उपाय म्हणून एका चौकटीतला प्रत्येक बिंदू पुढच्या चौकटीत कुठे सरकला, याचे गणित संगणकाकडून करून घेतले गेले आणि प्रत्येक फटकारा आपापल्या बिंदूबरोबर प्रवास करू लागला. गवताचे पाते वाऱ्याने वाकले की त्यावरचा रंगही त्याच्याबरोबर वाकतो. शिवाय चित्रीकरणाच्या जागी लेझर किरणांनी अंतरे मोजून ठेवलेली असल्यामुळे जवळची फुले मोठ्या, ठळक फटकाऱ्यांत आणि दूरचे डोंगर बारीक फटकाऱ्यांत रंगवणे शक्य झाले. या कामाला सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, आणि ते मिळवताना या चित्रपटाने ‘आर्मागेडन’सारख्या स्फोटांनी भरलेल्या चित्रपटाला मागे टाकले. युजेनिओ झानेती आणि सिंडी कार यांच्या कलादिग्दर्शनालाही नामांकन होते. आज पंचवीसहून अधिक वर्षांनंतर त्याच सुमाराच्या अनेक चित्रपटांची संगणकीय दृश्ये जुनाट वाटतात, पण ही वाटत नाहीत. वास्तवाची हुबेहूब नक्कल करण्याचा दावाच त्यांनी केलेला नाही, हे त्याचे कारण असावे.

रंगाने कथा सांगणे म्हणजे काय, ते जांभळ्या फुलांनी बहरलेल्या झाडाच्या प्रसंगात दिसते. ख्रिस गेल्यानंतर ॲनी पृथ्वीवर एका चित्रात ते झाड रंगवते, आणि त्याच वेळी ख्रिसच्या स्वर्गात, जिथे काल काहीच नव्हते, तिथे ते उगवलेले दिसते. एवढ्या एका घटनेतून कितीतरी गोष्टी न बोलता कळतात: ती अजून त्याच्याशी बोलते आहे, त्याला ते ऐकू येते आहे, आणि तिला मात्र ते ठाऊक नाही. पुढे निराशेच्या एका क्षणी ॲनी ते झाड चित्रातून घालवून टाकते आणि वर ख्रिसच्या डोळ्यांदेखत झाडाची सगळी पाने-फुले उडून जातात. इहलोक आणि परलोक यांच्यातला सगळा संबंध या झाडात आहे. इतका साधा आणि इतका नेमका दुसरा प्रसंग या चित्रपटात नाही, आणि परलोकावरच्या इतर चित्रपटांतही मला तो सापडलेला नाही.

स्वर्गाचा पुढचा भाग, म्हणजे मुलीने कल्पिलेले नगर, त्या मानाने फिका आहे. हवेत तरंगणारी माणसे, कमानी, जिने आणि कारंजी यांची तिथे गर्दी आहे. लहान मुलीच्या खेळण्यातली रंगभूमी मोठी व्हावी तशी ही कल्पना असल्याचे लक्षात येते, पण नजर कशावर ठेवायची ते कळत नाही. ॲनीच्या चित्रातला ओलावा इथे नाही.

नरकात मात्र वॉर्ड पुन्हा स्वतःच्या घरात आल्यासारखे वावरतात. रंग संपतो, लोखंड आणि गंज सुरू होतो. यातले काही चित्रण ‘ओरिस्कानी’ या अमेरिकी नौदलाच्या निवृत्त विमानवाहू जहाजावर झाले आहे, आणि तिथल्या गंजलेल्या पत्र्यांचा खरेपणा पडद्यावर उतरला आहे. मोडक्या जहाजांचा समुद्र ओलांडल्यावर एक मैदान लागते, ज्यात माणसे गळ्यापर्यंत पुरलेली आहेत आणि फक्त चेहरे वर आहेत. पुढे जायचे तर त्या चेहऱ्यांमधून पाय टाकत जावे लागते. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झोग त्यातल्याच एका चेहऱ्याच्या छोट्याशा भूमिकेत आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यात आपला मुलगा शोधणारा तो चेहरा क्षणभरच दिसतो, पण विसरता येत नाही. सगळ्यात शेवटी एक उलटे मंदिर येते: एका प्रचंड कॅथेड्रलचे छत जमिनीच्या जागी आहे, आणि त्याच्या तळाशी ॲनीचे घर. हे तेच घर आहे जिथे चौघे राहिले होते; पण आता ते पडके, थंड आणि अंधारे आहे, फरशी उखडलेली आहे, आणि ॲनी तिथे कुणालाही न ओळखता बसून आहे. नरकाचे भव्य रूप दाखवून झाल्यावर शेवटी एका मोडक्या दिवाणखान्यात येऊन थांबणे, हा दिग्दर्शकाचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

इथेच चित्रपटाचा गाभा आहे. ख्रिस तिला ओळख पटवून देण्याचा प्रयत्न करतो, आठवणी सांगतो, युक्तिवाद करतो, आणि एकही लागू पडत नाही. आपल्या सावित्रीने यमाला बोलण्यात जिंकून सत्यवानाला परत आणले. ख्रिस बोलण्यात पूर्णपणे हरतो. मग त्याला मनोरुग्णालयातला तो जुना दिवस आठवतो, जेव्हा मुलांच्या मृत्यूनंतर ॲनी घटस्फोट मागत होती आणि तो तिच्यासमोर खंबीर, समजूतदार, सावरलेला असा बसला होता. आपण तिला धीर देत होतो, पण तिच्या दुःखात उतरत नव्हतो. मुले गेली तेव्हा आपण तिला खरे तर एकटीला सोडून दिले होते, हे त्याला उशिरा कळते. म्हणून तो वाटाड्याला परत पाठवतो आणि तिच्याबरोबर तिथेच राहण्याचे ठरवतो. तिला बाहेर काढण्याचा हट्ट तो सोडतो. जिथे ती आहे तिथे जाऊन बसतो. त्याची शुद्ध हरपू लागते, थंडी त्यालाही वेढते, आणि त्या वेळी ॲनी जागी होते.

हा प्रसंग इतका परिणामकारक का होतो, याचे मोठे श्रेय ॲनाबेला शिओरा यांना आहे. रॉबिन विल्यम्स यांचे नाव मोठे. या चित्रपटाच्या आदल्या वर्षीच्या ‘गुड विल हंटिंग’मधील भूमिकेसाठी त्यांना १९९८ मध्येच ऑस्कर मिळालेले होते, आणि त्यांचा मऊ, थोडा घोगरा आवाज ख्रिसला शोभतो. पण अवघड काम शिओरा यांच्या वाट्याला आलेले आहे. रुग्णालयातल्या प्रसंगात त्यांच्या चेहऱ्यावर रडूही उरलेले नसते. केस कापलेले, हाताच्या मनगटांवर पट्ट्या, आणि नजर नवऱ्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी. पुढे नरकातल्या घरात त्या एका परक्या माणसाशी बोलावे तसे बोलतात, त्यात औपचारिक सौजन्यही असते, आणि तेच सर्वांत भयंकर वाटते. मॅक्स फॉन सिडो यांनी मोजक्या शब्दांत आपले काम केले आहे. क्युबा गुडिंग ज्युनियर यांचा अखंड उत्साह मात्र पहिल्या तासातच थकवतो. अर्थात दोष त्यांचा कमी आणि त्यांना दिलेल्या संवादांचा जास्त.

संवाद ही या चित्रपटाची मोठी उणीव आहे. डोळ्यांनी स्पष्ट दिसलेली गोष्ट कुणीतरी लगेच समजावून सांगतो. विचार खरा, शरीर भास, इथे तू कल्पिशील तेच घडेल, अशी वाक्ये वाटाडे पुन्हा पुन्हा ऐकवतात. परलोकात माणसे आपले रूप बदलू शकतात, या नियमाचा उपयोग करून मुलांना वेगळ्या चेहऱ्यांनी बापासमोर आणले आहे, आणि ती ओळख पटण्याचे प्रसंग हृदयस्पर्शी व्हावेत अशी योजना आहे. मुलाच्या बाबतीत ती काही अंशी साधते, कारण बापाला मित्रासारखा बोलणारा मुलगा हवा होता आणि मुलाला बापाचा आदर हवा होता, हे त्यातून उलगडते. मुलीच्या बाबतीत मात्र अवघडल्यासारखे होते: बापाने एकदा एका आशियाई विमानसेविकेचे कौतुक केले, म्हणून मुलगी परलोकात आशियाई तरुणीचे रूप घेते. रोझालिंड चाओ यांनी ती भूमिका जीव ओतून केली आहे, तरी एका संपूर्ण समाजाच्या चेहऱ्याचा असा वेष म्हणून वापर आज खटकतो. तेव्हाही खटकायला हवा होता. संगीताबद्दल एवढेच म्हणेन की एन्निओ मोरिकोने यांनी केलेले संगीत बाजूला ठेवून मायकेल केमेन यांच्याकडून नवे करून घेतले गेले. ते गोड आहे, पण प्रसंगाला श्वास घ्यायला जागा देत नाही.

आत्महत्येबद्दल चित्रपट जे सांगतो, त्याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. ॲनीला कुणी न्यायाधीश शिक्षा देत नाही. तिने स्वतःला केलेली शिक्षाच तिचा नरक होते, आणि चित्रपटाची सहानुभूती शेवटपर्यंत तिच्याच बाजूने असते. असे असले तरी, आत्महत्या करणारा माणूस नरकातच जातो हा नियम कथेने गृहीत धरला आहे, आणि ज्यांच्या घरात असे काही घडले आहे त्यांना तो जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटू शकतो. त्यातच ऑगस्ट २०१४ मध्ये रॉबिन विल्यम्स यांनी आपले आयुष्य संपवले, आणि तेव्हापासून हा चित्रपट पूर्वीसारखा पाहता येत नाही. नरकात बायकोला शोधत फिरणारा तो चेहरा पाहताना मन दोन ठिकाणी जाते. ताज्या दुःखातून जात असलेल्या कुणालाही मी हा चित्रपट एकट्याने पाहण्याची शिफारस करणार नाही.

आता शेवट. ख्रिस आणि ॲनी स्वर्गात परत येतात, मुलांना भेटतात, आणि मग ख्रिस सुचवतो की आपण पुन्हा जन्म घेऊ, पुन्हा भेटू, पुन्हा प्रेमात पडू. शेवटच्या दृश्यात दोन लहान मुले पाण्यावर खेळण्यातल्या होड्या घेऊन भेटतात. पाश्चात्त्य समीक्षकांपैकी अनेकांना हा शेवट गोडगोड वाटला. मराठी प्रेक्षकाला त्यातली कल्पना परकी वाटायला नको. जन्ममरणाचा फेरा चुकावा हीच आपल्याकडची सर्वसाधारण प्रार्थना असली, तरी कीर्तनाच्या शेवटी म्हटल्या जाणाऱ्या अभंगात तुकोबांनी मुक्तीही नाकारून सुखाने गर्भवास मागितला आहे. हाती आलेला स्वर्ग सोडून पुन्हा संसारात येण्याची इच्छा आपल्या परंपरेत क्षुल्लक मानलेली नाही. पण तुकोबांच्या मागणीमागे संतसंगाची ओढ आहे, गर्भवासाचे कष्ट पत्करण्याची तयारी आहे. चित्रपटातला पुनर्जन्म मात्र सहलीला जाण्याइतका सहज ठरतो. त्याची किंमत कुणी मोजताना दिसत नाही. तक्रार आहे ती या सहजपणाबद्दल.

मॅथेसन यांच्या कादंबरीत ती किंमत आहे. तिथे ॲनीला पुन्हा जन्म घ्यावाच लागतो, तोही भारतात, आणि आधीच्या जन्मात स्वतःहून ओढवून घेतलेल्या मृत्यूचा हिशेब तिला आजारपणाच्या रूपाने चुकता करायचा असतो; ख्रिस तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःहून जन्म घेतो. चित्रपटासाठीही याच्या जवळ जाणारा एक शेवट चित्रित झाला होता, आणि तो डीव्हीडीवर पाहायला मिळतो. त्यात श्रीलंकेत एका घरात मुलगी जन्माला येते आणि इकडे फिलाडेल्फियात मुलगा. ती तरुणपणीच जाणार आणि तो मागे एकटा उरणार, हे आधीच ठरलेले असते. साधारण साडेआठ कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाच्या निर्मात्यांना तो शेवट प्रेक्षकांसमोर ठेवण्याचे धाडस झाले नसावे, हे समजण्यासारखे आहे. तरीही नरकातल्या त्या दिवाणखान्यात ख्रिसने जे पत्करले, त्याच्याशी इमान राखणारा शेवट तोच आहे. चित्रपट पाहायचा तर मोबाइलवर पाहू नये. मोठा पडदा आणि अंधारी खोली मिळेल तेव्हाच पाहावा, आणि तो वगळलेला शेवट मिळत असेल तर चित्रपट संपल्यावर लगेच, त्याच बैठकीत पाहावा.